ढोकीची गार, कोर्लईचा खडक

कोर्लईच्या खडकावर गारगोट्या बघायला जायचं तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. त्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे पाणी सगळ्यांत खाली जातं ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. इथली जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीचा तास सांगतात. अष्टमीला आठ पाऊणे सहा, तेव्हा भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हिशेब अदमासाचाच, पण पायाखाली शेवाळ असलेल्या माणसाला तेवढा पुरतो. अष्टमीला मात्र मी जातच नाही. त्या दिवसांत भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे खालची खडकाची पट्टी उघडी पडतच नाही. जायचं उधाणाच्या सकाळी, उजाडता उजाडता. तास-दीड तास मिळतो. पाणी फिरलं की पिशवीत जे असेल ते घेऊन मुकाट्यानं वर यायचं. अलिबागच्या या पट्ट्यात उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि खडकाच्या आडोशाला वाकून बसलेल्या बाईला मागून आलेलं पाणी दिसत नाही.

मी मूळची ढोकीची. धाराशिव जिल्हा, तेरणेचा भाग, उसाचा आणि दुष्काळाचा. लग्न होऊन चौलला आले, इथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. माहेरी समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. पण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली पहिल्यांदा उतरले तेव्हा दगड बघून मी यजमानांना म्हटलं, हा तर आमच्या विहिरीतला. ते हसले. किल्ला पोर्तुगीजांचा, पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, शेजारी दीपगृह. आणि ही बाई म्हणते दगड ढोकीचा!

दगड खरोखर एकाच कुळातला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. ज्वालामुखी म्हटलं की मुलं वहीत टोकदार डोंगर काढतात आणि वर धूर. आपल्याकडे झालं ते वेगळं. पातळ, वाहता लाव्हा पसरत गेला, थिजला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर. आज झीज होऊन जे उरलंय तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. हाच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. वेरूळ त्यात कोरलं, रायगड त्यावर उभा राहिला, आणि आपल्या बहुतेक विहिरी त्यातच खणल्या गेल्या.

त्याची जाडी सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेकडे, सह्याद्रीत, थरांची चळत सगळ्यांत उंच. पूर्वेला जावं तशी ती पातळ होत जाते. आमच्या भागातली जाडी कळली ती एका वाईट प्रसंगानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. ढोकीतही भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ जमिनीत ६१७ मीटर खोल भोक घेतलं. त्यात बेसाल्ट लागला फक्त ३३८ मीटर. त्याखाली गाळाचा आठेक मीटरचा पातळ थर, आणि त्याखाली लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, अब्जावधी वर्षांचा जुना खडक. कोयनेच्या बाजूला असंच भोक घेतलं तेव्हा बेसाल्ट ९०० मीटरच्या वर निघाला. किल्लारीचा तो ३३८ आकडा मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायची. कोकणातल्या पोरांना त्याचं काही विशेष वाटायचं नाही. मला वाटायचं.

आता गारगोट्यांकडे. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटताना ज्यानं पाहिलाय त्याला लाव्हा समजावणं सोपं आहे. खालून बुडबुडे येतात, वरच्या सायीत अडकतात, आणि पाक थिजला की बुडबुड्याची जागा भोक म्हणून राहते. लाव्ह्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू असतात. ते वर येतात, पण वरचा पापुद्रा आधीच थिजलेला असतो. म्हणून लाव्ह्याच्या एकेका थराचा माथा भोकाभोकांचा असतो आणि मधला भाग घट्ट. तळाशी कधी कधी उभ्या नळ्यांसारखी भोकं दिसतात. खालच्या ओल्या जमिनीवरून लाव्हा सरकताना वाफ वर घुसली, त्याच्या त्या खुणा. दोन थरांच्या मधे बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती होते आणि वरून नवा लाव्हा आला की ती लाल भाजून निघते. विहीर खणणारे तिला गेरू म्हणतात. काही ठिकाणी त्या मधल्या काळात तळी साचली. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा तळ्याचा गाळ दोन थरांत दाबलेला सापडला आणि त्यात चिमुकले बेडूक, हाडं शाबूत असलेले. इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन छापलं. एवढ्या आगीच्या मधल्या वेळातही बेडकांचा संसार चालला होता, हे मला अजून खरं वाटत नाही.

भोकं लाव्ह्यानं केली. ती भरली नंतर. त्याची गोष्ट मला आधी विहिरीत कळली, पुस्तकात फार उशिरा.

१९७२ चा दुष्काळ. मी शाळेत होते. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती. बायका उन्हात बसून काळा दगड फोडत, खडीच्या मापावर मजुरी मिळे, पोरांना सुकडी. काही दगड फुटले की आतून लखलखायचे. आम्ही पोरी ते तुकडे ओच्यात गोळा करायचो. त्याच साली अण्णांनी विहीर खोल करायला काढली. वर काळी माती, मग चुनखडी, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला काळसर-तांबूस खडक, मग घट्ट पाषाण. पाणाड्यानं सांगितलं होतं की अमुक परसावर पाणी लागेल. तोटे उडाले, धूर बसला, गडी खाली उतरले. वरून अण्णांनी विचारलं, काय लागलं रं? खालून आवाज आला, गार लागली. अण्णा म्हणाले, गार काय चाटायची हाय व्हय? पानी कुठंय?

टोपल्यातून वर आली ती मुठीएवढी पोकळी होती. आत पांढरे, किंचित गुलाबी पत्रे, मोत्यासारखी झाक असलेले, मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले. आज मला त्याचं नाव माहीत आहे, स्टिल्बाइट. तेव्हा ती नुसती गार होती आणि घरात तिचं नाव काढलेलं कुणाला खपत नव्हतं.

अण्णांचा राग शास्त्राला धरूनच होता. मांजऱ्या खडकातले पांढरे ठिपके म्हणजे भरून गेलेले बुडबुडे. मुळात ही भोकं एकमेकांना फारशी जोडलेली नसतात, आणि जी थोडी जागा असते तीही गारेनं भरली की पाण्यानं मुरायचं कुठं? आमच्याकडे पाणी मिळतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. गेरूच्या पट्ट्यावरही पाणी अडतं, म्हणून गेरू दिसला की खणणाऱ्याचा चेहरा बदलतो. नुसती गार दिसली की नाही बदलत.

आणि तरी ती पोकळी पाण्यानंच भरलेली असते. लाव्हा थिजल्यावरही खडक पुष्कळ काळ गरम राहतो, आणि वर नवे थर चढत गेले की खालचे दबून पुन्हा तापतात. त्या गरम खडकातून पाणी झिरपतं. काचेसारखा थिजलेला बेसाल्ट त्या पाण्यात हळूहळू विरघळतो; त्यातली सिलिका, अ‍ॅल्युमिनिअम, कॅल्शिअम, सोडिअम पाण्याबरोबर निघतात आणि भोकात पोचल्यावर, पाणी जरा निवलं किंवा त्यातल्या क्षारांचं प्रमाण बदललं, की भिंतीवर बसायला लागतात. बसतात तेही क्रमानं. बहुतेकदा भिंतीला आधी हिरव्या चिकणमातीचं अस्तर, मग अकीक किंवा गार, मग हुलँडाइट, स्टिल्बाइट, आणि शेवटी त्यांच्या डोक्यावर अ‍ॅपोफिलाइट किंवा कॅल्साइट. कोण कुणाच्या वर बसलंय एवढं भिंगातून पाहिलं की आधी कोण आलं ते कळतं. हे काम काही लाव्ह्याच्या मागोमाग आटोपलेलं नाही. अ‍ॅपोफिलाइटचं वय मोजणाऱ्यांना त्यातले काही स्फटिक लाव्ह्याहून कोट्यवधी वर्षांनी धाकटे निघालेत.

यातले बरेच जण झिओलाइट नावाच्या कुटुंबातले. त्यांच्या अंगात सूक्ष्म बोगदे असतात आणि बोगद्यांत पाणी अडकलेलं असतं. तापवलं की ते पाणी निघून जातं, स्फटिकाचा सांगाडा तसाच राहतो. १७५६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट यांनी असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला तेव्हा तो फसफसला, आणि तिथून या कुटुंबाचा शोध सुरू झाला. आज तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांत आणि कपडे धुण्याच्या पावडरीत जे झिओलाइट असतं ते बहुतेक कारखान्यात बनवलेलं. पण बोगद्यांची युक्ती तीच. अ‍ॅपोफिलाइट मात्र या कुटुंबातला नव्हे, जरी तो कायम त्यांच्याच घरात सापडतो. पुण्याकडचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभर मागितला जातो. त्याचा रंग व्हॅनेडिअमच्या अंशामुळे.

ढोकीत जे सापडतं तेच कोर्लईत सापडत नाही, याचं कारण खोलीत आहे. खाली दबलेला थर जास्त तापतो आणि जास्त उष्णतेला वेगळे स्फटिक बसतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ जॉर्ज वॉकर यांनी आइसलंडच्या पूर्व भागातल्या डोंगरांत या स्फटिकांचे आडवे पट्टे मोजून १९६० साली दाखवून दिलं की कोणता झिओलाइट सापडतो यावरून वर पूर्वी किती खडक होता ते सांगता येतं. आपल्याकडे तेच काम मुंबईचे आर. एन. सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९७४ मध्ये त्यांनी पश्चिम भारताचे तीन पट्टे मांडले: किनाऱ्याला लोमोंटाइट, त्याच्या वर स्कोलेसाइट, आणि त्याच्याही वर हुलँडाइट. कोकणातले थर तर पनवेलच्या आसपास वाकून समुद्राकडे कलतात. म्हणजे कोर्लईला मी ज्यावर उभी राहते त्याच्यावर एके काळी खडकाचा मोठा भार होता, तो झिजून गेला. हे मला लोमोंटाइटच्या एका पांढऱ्या शिरेनं सांगितलं. शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

लोमोंटाइट ही मात्र संग्राहकाची परीक्षा. ओल्या खडकात तो काचेसारखा स्वच्छ दिसतो. घरी आणून कपाटात ठेवला की अंगातलं पाणी उडतं, पांढरा पडतो, आणि काही दिवसांत बोट लावताच पिठूळ होऊन गळतो. काही जण त्यावर पातळ लाखेचा थर देतात, काही पाण्याच्या बाटलीत ठेवतात. मी तो आणतच नाही. खडकात असेल तिथं बघते, फोटो काढते आणि पुढं जाते.

किनाऱ्यावर नेमकं बघायचं कुठं? आधी वाळू आणि खडक जिथं मिळतात तिथला गोट्यांचा पट्टा. लाटांनी दगड एकमेकांवर घासून गोल केलेले असतात. त्यांत जे काही पारदर्शक, मेणचट किंवा पट्टेदार दिसेल ते बहुतेक अकीक, गार किंवा लालसर जास्पर. ओले असतानाच बघावेत. वाळले की सगळे राखाडी. स्टिल्बाइट, हुलँडाइट या गोट्यांत शोधू नयेत. त्यांचा कठीणपणा साडेतीन-चार, गारेचा सात. लाटेच्या जात्यात ते केव्हाच पीठ झालेले असतात. त्यांच्यासाठी कड्याखाली नुकते कोसळलेले धोंडे बघायचे. पावसाळ्यात समुद्र कड्याचा पायथा पोखरतो, वरून पाणी भेगांत घुसतं आणि धोंडे सुटतात. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत होऊ लागला की, पहिली फेरी. मासेमारीला निघालेल्या होड्या आणि मी, आमचा हंगाम एकच. कॅनडात फंडीच्या उपसागरात, जिथं भरती-ओहोटीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो, हेच काम थंडी करते. हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून कडे फुटतात आणि वसंतात तिथले लोक झिओलाइट वेचायला उतरतात. आइसलंडच्या टायगार्होर्न किनाऱ्यावर तर इतके सुंदर स्फटिक की ती जागा आता संरक्षित आहे, उचलायला बंदी.

आपल्याकडे तशी पाटी नसली तरी मी एक नियम पाळते. पडलेलं घ्यायचं, उभ्या कड्याला छिन्नी लावायची नाही. कडा सुटून अंगावर येण्याची भीती हे एक. आणि दुसरं म्हणजे एक पोकळी फोडून काढताना शेजारच्या चार भुगा होतात. किल्ल्याच्या तटाचे दगडही बेसाल्टचेच आहेत आणि त्यांतही स्फटिक चमकतात. तिकडे हातोडा घेऊन जाणाऱ्या एका तरुणाला मी एकदा शाळेतल्या आवाजात हटकलं होतं. अजून तो आवाज निघतो, बरं का.

पायांत रबरी तळ्याचे बूट हवेत. कालवांच्या शिंपल्या पायाला वस्तऱ्यासारख्या कापतात. हातात पातळ मोजे, खिशात दहापटीचं भिंग, एक खिळा, काचेचा तुकडा आणि व्हिनेगरची लहान बाटली. ओळखायचं ते एवढ्यावर. काचेवर ओरखडा काढला तर गार किंवा अकीक. काचेवर उठत नाही पण खिळ्यानं चरतो, आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक फसफसतो, तर कॅल्साइट. भुकटी करून टाकला की जास्त स्पष्ट कळतं. चरतो पण फसफसत नाही, मोत्यासारखी झाक आहे आणि पत्रे सुटतात, तर झिओलाइटची शंका घ्यायची. सुयांचा पंखा असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचे भाऊबंद. ते सुयांवरून एकमेकांपासून वेगळे ओळखणं प्रयोगशाळेचं काम, आपण नुसतं ‘सुईवाले’ म्हणून ठेवावं. मुंबईच्या मालाड-कुर्ल्याच्या जुन्या खाणींतून ओकेनाइटचे पांढरे लवदार गोळे निघत. त्यांना बोटाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, लव एकदा दबली की उठत नाही. त्या खाणी आता बहुतेक इमारतींखाली गेल्या.

कठीण तेवढंच टिकतं याचा एक पुरावा माझ्या माहेरीच आहे. ढोकीपासून जवळच तेर. गोरोबाकाकांचं तेर म्हणून वारकऱ्यांना माहीत, इतिहासवाल्यांना तगर म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वहीत, ‘पेरिप्लस’मध्ये, तगर येतं आणि पैठणही. पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदराला जाई, तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड, असं ती वही सांगते. त्याच वहीत कोकणच्या बंदरांमध्ये ‘सेमिल्ला’ आहे, आणि ते म्हणजे आमचं चौल असं बहुतेक अभ्यासक मानतात. माझं माहेर आणि सासर एका ग्रीकानं एकाच वहीत लिहून ठेवलंय याचा मला भलता आनंद होतो. यजमान म्हणतात, तुला तेवढंच पुरे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात उत्खननातले आणि शेतात सापडलेले मणी मांडलेले आहेत. अकीक, कार्नेलियन, गार. त्यांना भोक पाडायचं तर त्याहून कठीण टोक लागतं, तासन्‌तास घासावं लागतं. तरी माणसांनी ते केलं, कारण दोन हजार वर्षांनीही त्यावरची झिलई तशीच आहे. कापड कुजून गेलं. झिओलाइटचा मणी कुणी केला नाही, केला असता तर तोही गेला असता. त्यामुळे आपल्या खडकातल्या या नाजूक मंडळींची ओळख व्हायला रेल्वे आणि सुरुंग यावे लागले. एकोणिसाव्या शतकात बोरघाट फोडून लोहमार्ग नेताना बोगद्यांतून जे स्फटिक निघाले ते युरोपच्या संग्रहालयांत पोचले.

तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. आपल्याकडे हे स्फटिक मिळवण्यासाठी म्हणून सहसा कुणी खणत नाही. कुणी पाण्यासाठी विहीर खणतो, कुणी खडीसाठी डोंगर फोडतो, आणि गार मधेच लागते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडीखाणीतला गर्द निळा कॅव्हनसाइट असाच निघाला. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ऑरेगन राज्यात १९६७ मध्ये सापडलं, त्याचं नाव आणि वर्णन १९७३ मध्ये आलं, पण आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात ते बघायला गेलात तर तुकडा बहुधा वाघोलीचा असतो. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथले व्यापारी खाणीखाणीतून माल गोळा करतात आणि अमेरिकेत टूसॉनच्या वार्षिक जत्रेपर्यंत तो जातो. सिन्नरला नौदलातून निवृत्त झालेल्या कृष्णचंद्र पांडे यांनी ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच उभं केलंय. ज्याला हे सगळं एका छताखाली बघायचंय त्यानं आधी तिकडं जावं, किनारा नंतर. तिथल्या काचेमागचा एकेक पोकळीचा तुकडा शाबूत कसा आला हे बघताना मला फोडणारा माणूस आठवतो. सुरुंग उडाल्यावर दगडाच्या आवाजावरून आत पोकळी आहे हे ओळखणारा, मग घण बाजूला ठेवून हलक्या हातानं टिचवणारा. हे कसब पुष्कळदा वडार समाजातल्या कारागिरांचं. तुकड्याखालच्या चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं, विकणाऱ्याचं कधी कधी असतं. काढणाऱ्याचं मी कुठं वाचलेलं नाही, आणि हे मला खटकतं.

चिठ्ठीचं महत्त्व म्हणून मी मुलांना फार सांगायची. दगड घरी आणला की आधी गोड्या पाण्यात चार-पाच दिवस ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, म्हणजे मीठ निघतं. नाहीतर वाळल्यावर पांढरा लोणा फुटतो. झिओलाइटला अ‍ॅसिडनं साफ करू नये, पुष्कळसे त्यात विरघळून चिकट होतात. मऊ ब्रश आणि धीर पुरतो. मग दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर शाईनं क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकासमोर ठिकाण, तारीख, कसा मिळाला, कुठल्या थरात. ठिकाण नसलेला स्फटिक दिवाणखान्यात शोभतो, पण अभ्यासाला निकामी. कपाटात उन्हापासून लांब, जुन्या मऊ लुगड्याच्या घड्यांत.

माहेरच्या माणसांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण किनारा त्यांच्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर आणि माझ्या भाच्यांना एवढ्या लांब दगड वेचायला येण्याइतकं वेड लागलेलं नाही. गरजही नाही. ढोकी-तेर-येडशीच्या शिवारात अजून विहिरी खोल होतात, शेततळी निघतात, रस्त्याच्या कामाला टेकड्या कापल्या जातात. लाटा नाहीत, म्हणजे मऊ स्फटिकही शाबूत मिळतात. कोर्लईला वर्षभरात न दिसणारा स्टिल्बाइट नव्या विहिरीच्या काठी ढिगाऱ्यात पडलेला असतो. ढिगारा फार दिवस राहत नाही. कुणी रस्त्याला नेतो, कुणी बांधाला. तेव्हा विहिरीचं काम चालू आहे असं कळलं की मालकाला विचारून, सुरुंगाच्या वेळा टाळून, गडी जेवायला बसल्यावर जायचं. शक्य असेल तर पहिला पाऊस पडून गेल्यावर, धूळ धुतली जाते आणि चकाकी लांबून दिसते. विहिरीत उतरायचं नाही, काठावरच्या ढिगातलंच बघायचं. ज्यानं दगड वर काढला त्याला विचारायचं की हा कितव्या परसावर लागला, वर मुरूम होता की पाषाण, गेरू कुठं होता. वहीत त्याचं नाव लिहायचं, शेताचा गट नंबर लिहायचा, आणि पाणी लागलं की नाही तेही.